सोरोबानची चित्रं टेकमध्ये: रिकाम्या कप्प्यापासून सरावपत्रिकेपर्यंत

अबॅकसच्या वर्गांमध्ये वाटल्या जाणाऱ्या सरावपत्रिका एकदा नीट निरखून बघा. चित्रं बहुधा कुठून तरी उचलून चिकटवलेली असतात. एक आडवं ताणलेलं, दुसऱ्याचे मणी फिकुटलेले, तिसऱ्यात मण्यांमधली फट इतकी बारीक की ३ आहे की ४ हे कळायला कागद डोळ्यांशी धरावा लागतो. काही ठिकाणी तर खाली पाच मणी दिसतात, आणि समोरच्या मुलाच्या हातातल्या अबॅकसवर मात्र चारच असतात! शिकवणाऱ्याचा इलाज नसतो. दर आठवड्याला शंभरेक आकडे लागतात, आणि शंभर चित्रं हातानं कोण काढत बसणार?

खरं तर हे काम टाइपसेटिंगच्या सॉफ्टवेअरला अगदी फावणारं आहे. सोरोबान म्हणजे या वर्गांतला जपानी अबॅकस. त्यावरची प्रत्येक उभी दांडी शून्य ते नऊ यांपैकी एकच अंक दाखवते. म्हणजे साचे फक्त दहा. ते एकदा घडवले की कुठलाही आकडा म्हणजे साच्यांची ओळ, आणि ओळ जुळवणं हा तर टेक या टाइपसेटिंगच्या प्रणालीचा जन्मजात धंदा.

या लेखात टेकवर बेतलेलं लेटेक आणि त्यातलं टिक्झ हे चित्र काढायचं पॅकेज वापरलं आहे. साधं लेटेकचं दस्तऐवज तुम्ही कधीतरी केलेलं आहे आणि टिक्झमध्ये एखादी रेघ, एखादा चौकोन काढलेला आहे, एवढं मी गृहीत धरतो. कमांडांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच ती रोमनमध्ये करायची. तयार माल हवा असेल तर पीएसट्रिक्स या चित्रांच्या दुसऱ्या पॅकेजवर बेतलेलं 'पीएसटी-सोरोबान' नावाचं पॅकेज सीटॅनवर, म्हणजे टेकच्या पॅकेजांच्या ऑनलाइन भांडारात, आहे. ज्यांचं काम पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेच्या वाटेनं चालतं त्यांनी ते जरूर बघावं. मी टिक्झ धरतो, कारण सरळ पीडीएफ मिळते आणि प्रत्येक माप आपल्या ताब्यात राहतं. सरावपत्रिकेत हे दुसरं कारण जास्त मोलाचं.

आधी यंत्र बघू

आजच्या जपानी सोरोबानमध्ये एक चौकट, तिच्यात आडवी पट्टी आणि पट्टीला छेदून जाणाऱ्या उभ्या दांड्या असतात. प्रत्येक दांडीवर पट्टीच्या वर एक मणी, त्याची किंमत ५. पट्टीखाली चार मणी, प्रत्येकाची किंमत १. पट्टीला चिकटलेला मणी मोजायचा, दूर असलेला सोडून द्यायचा. वर्गात मुलं यांना अप्पर बीड, लोअर बीड म्हणतात.

वर एक आणि खाली चार मण्यांची, म्हणजे १/४ ची, ही रचना फार जुनी नाही. चीनहून आलेल्या सुआनपान या अबॅकसवर वर दोन आणि खाली पाच मणी असतात. जपानमध्ये पुढे वरचा एक मणी गेला, १/५ चे सोरोबान रूढ झाले, आणि खाली चारच मणी ठेवण्याची पद्धत शाळांमध्ये १९३० च्या दशकात पक्की झाली. इंटरनेटवरून उचललेल्या चित्रात पाच मणी का दिसतात, त्याचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं: ते चित्र एक तर सुआनपानचं असतं किंवा जुन्या सोरोबानचं. युनिकोडमध्ये २०१८ साली अबॅकसचं इमोजी आलं, पण त्यावर कुठलाही आकडा वाचायला जाऊ नका, ते फक्त शोभेचं आहे.

मण्यांचा आकारही वेगळा. सुआनपानचे मणी गोलसर असतात, तर सोरोबानचा मणी म्हणजे तळाशी तळ जोडलेले दोन शंकू. समोरून बघितला तर दोन्ही बाजूंना टोक असलेला पसरट षटकोन. ह्योगो प्रांतातलं ओनो आणि शिमानेतलं ओकुइझुमो ही सोरोबान घडवणारी नावाजलेली ठिकाणं, आणि तिथल्या मण्यांची धार हातात घेतल्यावरच कळते. चित्रात ती धार दाखवलीत तर चित्र सोरोबानचं वाटतं. गोल ठिपके काढलेत तर पाटीवरच्या मण्यांसारखं दिसतं.

आता मुद्द्याची गोष्ट. सोरोबान वाचणारं मूल मणी एकेक करून मोजत नाही. सराव झालेल्या डोळ्याला आधी दिसते ती फट, म्हणजे दांडी उघडी पडलेली जागा. पट्टीखाली लगेच फट असेल तर ०, सगळ्यात खाली असेल तर ४. म्हणून चित्र काढतानाही सुरुवात मण्यांपासून न करता फटीपासून करायची. एवढं एक धरून चाललं की पुढचं गणित फारच सोपं होतं.

मापं

सगळ्या चित्रासाठी एकच एकक ठरवा आणि एका मण्याची उंची १ एकक माना. खऱ्या सोरोबानवर मणी सरकायला मिळणारी जागा अशी बरोब्बर मण्याएवढी असेलच असं नाही. चित्रात मात्र ती पूर्ण एक मण्याची ठेवा. कागद लहान होतो, झेरॉक्स होते, फोनवर फोटो जातो, आणि या सगळ्यातून फट शाबूत राहायला हवी.

आता पट्टीच्या खाली चार मणी आणि एक फट मिळून पाच कप्पे झाले. वर एक मणी आणि एक फट मिळून दोन कप्पे. दोन्हीकडे कप्प्यांची मोजणी पट्टीपासून बाहेरच्या दिशेनं करायची: पट्टीला लागून कप्पा १, मग २, मग ३.

पट्टीच्या मध्यरेषेला उंची शून्य द्या आणि पट्टीची जाडी अर्धा एकक ठेवा. मग कप्पा 'क' चा मध्य पट्टीपासून क उणे ०.२५ एवढ्या अंतरावर येतो. वरच्या बाजूला हे अंतर धन, खालच्या बाजूला ऋण. पहिल्या कप्प्याचा मध्य ०.७५ वर, पाचव्याचा ४.७५ वर. चौकटीची आतली कड वर २.२५ ला आणि खाली उणे ५.२५ ला येते. चौकटीची जाडी ०.६ धरली तर एकूण उंची ८.७ एकक.

दोन दांड्यांमधलं अंतर २ एकक, मण्याची रुंदी १.८. मण्याची रेखाटलेली उंची मात्र पूर्ण १ न ठेवता ०.९६ ठेवा, म्हणजे लागून असलेल्या दोन मण्यांमध्ये केसाएवढी पांढरी रेघ राहते आणि मणी एकमेकांत मिसळत नाहीत. षटकोनाचे सहा बिंदू असे: डावं टोक (−०.९, ०), वरचे दोन (−०.३५, ०.४८) आणि (०.३५, ०.४८), उजवं टोक (०.९, ०), खालचे दोन (०.३५, −०.४८) आणि (−०.३५, −०.४८). दांडीची रुंदी ०.१२.

ही मापं टिक्झला देताना कुठेही मिलिमीटर किंवा पॉइंट लिहू नका. चित्राच्या सुरुवातीला एक्स आणि वाय या दोन्ही सेटिंग्जना '३ मिमी' अशी किंमत द्यायची आणि बाकी सगळे आकडे बिनएककाचे ठेवायचे. लहान मुलांसाठी मोठं चित्र हवं असेल तर त्या एका जागी ४ मिमी करा, सगळं प्रमाणात वाढतं. यात एक खाच आहे. रेघेची जाडी एक्स-वायबरोबर बदलत नाही. म्हणून दांडी रेघ म्हणून काढू नका, ०.१२ रुंदीचा भरलेला आयत म्हणून काढा. नाहीतर चित्र मोठं केल्यावर मणी वाढतात आणि दांडी तेवढीच काडीसारखी राहते.

नियम एकच

अंक 'अ' घ्या. इथून पुढे किंमत म्हणजे त्या बाजूला पट्टीला चिकटलेले, मोजायचे मणी किती ते. अंक ४ पेक्षा मोठा असेल तर वरची किंमत १, नाहीतर ०. वरचे ५ असतील तर ते वजा करून उरलेला भाग, म्हणजे ० ते ४, ही खालची किंमत.

आता फट कुठे येईल? वर असो वा खाली, रिकामा कप्पा म्हणजे किंमत अधिक १. बाकीच्या सगळ्या कप्प्यांत मणी.

७ घेऊन बघू. वरची किंमत १, खालची २. वर रिकामा कप्पा दुसरा, म्हणजे मणी पहिल्या कप्प्यात, पट्टीला चिकटून, उंची ०.७५. खाली रिकामा कप्पा तिसरा, म्हणजे मणी १, २, ४ आणि ५ या कप्प्यांत, उंची उणे ०.७५, उणे १.७५, उणे ३.७५, उणे ४.७५. दोन मणी वर चिकटलेले, मग फट, मग दोन मणी तळाशी. झालं ७.

नियम दोन्हीकडे सारखा असल्यामुळे कमांडही एकच पुरते. तिला तीन गोष्टी द्यायच्या: बाजूचं चिन्ह (वर १, खाली उणे १), कप्प्यांची संख्या (वर २, खाली ५) आणि किंमत. आत 'फॉरईच' या तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कमांडचा एक फेरा पहिल्या कप्प्यापासून शेवटच्या कप्प्यापर्यंत फिरतो. कप्प्याचा क्रमांक किंमत अधिक १ असेल तर काही करायचं नाही, नसेल तर चिन्ह गुणिले (क उणे ०.२५) या उंचीवर मणी ठेवायचा. कप्प्याचा क्रमांक किंमतीइतका किंवा कमी असेल तर तो मणी मोजला जाणारा, म्हणून काळा भरायचा. जास्त असेल तर नुसती बाह्यरेषा आणि आत पांढरा रंग.

इथे कुणी म्हणेल की असा वळसा कशाला, 'कप्पा १ पासून किंमतीपर्यंत वर चिकटलेले मणी' आणि 'तिथून पुढे तळाचे मणी' असे दोन फेरे का नाही लावायचे? लावून बघा. किंमत ० असताना फेरा '१ पासून ० पर्यंत' असा होतो, आणि टिक्झचा फॉरईच तो रिकामा फेरा मानत नाही. तो उलटा मोजतो: १, मग ०. शून्याच्या दांडीवर दोन आगंतुक मणी उगवतात, त्यातला एक थेट पट्टीवर. रिकाम्या कप्प्याच्या नियमात फेरा नेहमी १ ते ५ असाच राहतो, त्यामुळे ही भानगड मुळातच उद्भवत नाही.

दुसरा सापळा भागाकाराचा. अंकाला ५ नं भागून वरची किंमत काढायचा मोह होतो. टेकमधलं पूर्णांकांचं गणित करणारं 'नमएक्स्पर' भागाकाराचं उत्तर छाटत नाही, जवळच्या पूर्णांकाला नेतं. ३ भागिले ५ म्हणजे ०.६, त्याचा झाला १. मग ३ आणि ४ या दोन्ही अंकांना वरचा मणी खाली येतो आणि खालची किंमत ऋण होते. 'अंक ४ पेक्षा मोठा आहे का' एवढं 'इफनम' या आकड्यांची तुलना करणाऱ्या कमांडला विचारा, काम संपलं.

रेखाटण्याचा क्रम: आधी दांडी, मग पट्टी, मग मणी, शेवटी चौकट. पट्टी काळी भरू नका. काळे मणी तिला चिकटले की सगळं एकच काळं धूड दिसतं आणि किती मणी ते कळत नाही. पांढरी पट्टी, बारीक बाह्यरेषा, आणि हवं तिथे काळा ठिपका, हे छपाईत सगळ्यात टिकतं.

आकडा दांड्यांवर चढवणं

एक अंक जमला. आता ४०७२ असा आकडा दिल्यावर त्याचे अंक सुटे करायचे. इथे गणिताच्या वाटेला जाऊ नका. टिक्झचं गणिताचं इंजिन सुमारे १६३८३ च्या पुढचे आकडे पेलत नाही आणि 'डायमेन्शन टू लार्ज' म्हणून थांबतं. टेकचा स्वतःचा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ पर्यंत जातो, पण तेरा दांड्यांच्या सोरोबानला तोही अपुरा. आणि गरजच काय? आपल्याला आकड्याची किंमत नको आहे, त्याचे अंक हवे आहेत. म्हणून आकडा हा अक्षरांची माळ आहे असं समजून एकेक टोकन, म्हणजे टेक एका वेळी वाचतं तो तुकडा, उचला. एक्सपीएल-३ या लेटेकमधल्या प्रोग्रामिंगच्या भाषेतली 'टीएल मॅप इनलाइन' ही कमांड हेच करते, आणि 'टीएल काउंट' अंक किती ते सांगते. दांड्यांच्या संख्येतून ते वजा केलं की सुरुवातीला किती शून्यं लावायची ते मिळतं. आकडा एखाद्या कमांडमध्ये साठवलेला असेल तर तो आधी उलगडून द्या, नाहीतर ती अख्खी कमांडच एक टोकन म्हणून पुढे जाते आणि 'एरर'चा संदेश काहीतरी भलतंच सांगतो.

इनपुटमध्ये अंक इंग्रजीच ठेवा. 'इफनम'ला 4 समजतो, देवनागरी ४ समजत नाही. छापताना देवनागरी हवा असेल, आणि मराठी पत्रिकेत तो हवाच, तर 'इफकेस'ची दहा घरांची छोटी कमांड करा: अंक द्यायचा, देवनागरी अंक घ्यायचा. आपल्या पद्धतीचे स्वल्पविरामही तिथेच घालता येतात. उजवीकडून मोजलेली जागा सम असेल आणि ४ किंवा त्याहून मोठी असेल, तर त्या अंकानंतर स्वल्पविराम. १२३४५६७८ दिल्यावर १,२३,४५,६७८ येतं.

देवनागरीसाठी लेटेकची झीलेटेक किंवा लुआलेटेक ही आवृत्ती लागेल. ओव्हरलीफ या ऑनलाइन लेटेकवर काम करत असाल तर कंपायलर बदलायला विसरू नका. फॉन्ट निवडायच्या फॉन्टस्पेक या पॅकेजमध्ये लिपी देवनागरी आणि भाषा मराठी असं दोन्ही सांगा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात. लुआलेटेकमध्ये रेंडरर म्हणून हार्फबझ द्या, म्हणजे जोडाक्षरं नीट जुळतात. फॉन्ट कुठला हा आवडीचा प्रश्न. आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका मजकुराला छान दिसतो, चित्राखालच्या छोट्या अंकांना मला मुक्ता बरा वाटतो.

दहा साचे

वरच्या पद्धतीनं एक चित्र झटकन होतं. पण तेरा दांड्यांवर ६५ मणी असतात, आणि पानावर दहा चित्रं असली की टिक्झ साडेसहाशे वेळा तेच षटकोन नव्यानं मोजत बसतं. वीस पानांची पुस्तिका असेल तर चहा पिऊन यावं लागतं.

म्हणून दस्तऐवजाच्या सुरुवातीलाच शून्य ते नऊ असे दहा खांब एकदाच काढा आणि प्रत्येक एका 'सेव्हबॉक्स'मध्ये, म्हणजे तयार चित्र साठवणाऱ्या डब्यात, भरून ठेवा. खांबात दांडी, मणी, पट्टीचा तुकडा आणि चौकटीच्या वरच्या-खालच्या कडेचे तुकडे, सगळं येतं. पुढे आकडा म्हणजे नुसते डबे शेजारी-शेजारी ठेवणं. डावी-उजवी चौकट हे आणखी दोन डबे, प्रत्येकी ०.६ एकक रुंद.

हे जमायला तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, खांबाची रुंदी बरोब्बर २ एकक हवी. टिक्झ चित्राची हद्द रेघांच्या जाडीसकट मोजतं, त्यामुळे आपण गप्प बसलो तर खांब किंचित रुंद होतो आणि तेरा खांबांवर तो फरक डोळ्यांत येतो. चित्राच्या अगदी सुरुवातीला (−१, −५.८५) पासून (१, २.८५) पर्यंतचा आयत 'यूज अ‍ॅज बाउंडिंग बॉक्स' म्हणून द्या, म्हणजे हद्द तिथे गोठते.

दुसरी, पट्टीचे तुकडे शेजारी आले की काही पीडीएफ वाचकांमध्ये सांध्यावर फिकी उभी रेघ दिसते. कागदावर ती बहुधा उमटत नाही, पण पडद्यावर खटकते. पट्टीचा आणि कडांचा तुकडा दोन्ही बाजूंना ०.०२ एकक जास्त काढा. हद्द गोठलेली असल्यामुळे रुंदी बदलत नाही, तुकडे मात्र एकमेकांवर चढतात. आणि पट्टीच्या तुकड्याला चारही बाजूंनी रेघ मारू नका, फक्त वरची आणि खालची. नाहीतर प्रत्येक खांबापाशी पट्टी कापलेली दिसेल.

तिसरी सगळ्यात फसवी. कमांड लिहिताना ओळीच्या शेवटी टक्क्याचं चिन्ह घातलं नाही तर टेक तिथे एक रिकामी जागा मोजतं. टिक्झच्या चित्राच्या आत अशा जागा गिळल्या जातात, डब्यांच्या ओळीत त्या छापल्या जातात. खांबांमध्ये अधूनमधून अकारण फट दिसली की मापं तपासायच्या आधी ओळींची शेपटं तपासा.

एककाचे ठिपके आणि आपले लाख

सोरोबानच्या पट्टीवर दर तिसऱ्या दांडीला ठिपका असतो. सहसा मधल्या दांडीवर एक, आणि तिथून दोन्हीकडे तीन-तीन दांड्यांवर. म्हणून दांडीच्या क्रमांकातून मधल्या दांडीचा क्रमांक वजा करायचा, त्या वजाबाकीला ३ नं पूर्ण भाग गेला तर ठिपका. तेरा दांड्यांवर १, ४, ७, १० आणि १३ या दांड्यांना ठिपके येतात, तेवीसवर ३, ६, ९ अशा क्रमानं २१ पर्यंत. ठिपक्यांसाठी खांबांचे वेगळे दहा साचे करायची गरज नाही. शून्य रुंदीचा एक डबा करा, त्यात फक्त ०.१२ त्रिज्येचा काळा ठिपका, आणि जिथे हवा तिथे खांब ठेवल्यावर तो मागे सरकवून टाका.

एककाचा, म्हणजे एकं स्थानचा, अंक कुठल्या दांडीवर धरायचा हे वापरणारा ठरवतो, फक्त ती ठिपक्याची दांडी असावी. पूर्ण संख्यांच्या पत्रिकेत सगळ्यात उजवी ठिपक्याची दांडी एकक म्हणून चालते. दशांश शिकवायचे असतील तर मधली घ्या. तेरा दांड्यांवर १२.५ मांडताना १ सहाव्या दांडीवर, २ सातव्यावर आणि ५ आठव्यावर. म्हणून कमांडला एककाच्या दांडीचा क्रमांक वेगळा देता यावा, तो आकड्याच्या लांबीवर अवलंबून ठेवू नये.

मराठी मुलांची अडचण इथेच सुरू होते. ठिपके तीन-तीनच्या गटांत आहेत, आणि आपण मोजतो हजार, लाख, कोटी. एककापासून चौथी दांडी हजारांची, तिथे ठिपका आहे. लाखाची दांडी सहावी, कोटीची आठवी, तिथे काहीच नाही. जपानी लोकही दहा हजारांच्या पटीत मोजतात, म्हणजे त्यांचं बोलणंही या ठिपक्यांशी जुळत नाही, आणि त्यांचं काही अडत नाही. चित्रातले ठिपके आपल्या सोयीनं हलवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाच्या हातातल्या अबॅकसवर ते तिथे नाहीत. त्यापेक्षा चौकटीखाली ए, द, श, ह, दह, ल, दल, को अशी बारीक अक्षरं त्या-त्या खांबाच्या मध्यावर टाका. वर यंत्र जसंच्या तसं आणि खाली आपली भाषा.

बेरजेच्या पायऱ्या

स्थिर चित्रापेक्षा खरी गरज असते ती हालचाल दाखवण्याची. ७ अधिक ६ घ्या. खाली दोनच मणी शिल्लक आहेत, ६ थेट मांडता येत नाही. वर्गात स्मॉल फ्रेंड (५ पुरे करणाऱ्या जोड्या) आणि बिग फ्रेंड (१० पुरे करणाऱ्या जोड्या) दोन्ही शिकलेलं मूल म्हणतं: अधिक १, उणे ५, अधिक १०. म्हणजे स्थिती चार: ०७, ०८, ०३, १३. चार छोट्या चौकटी एका ओळीत.

प्रत्येक चौकटीत आता कुठला मणी हलवायचा आहे ते दाखवायला हवं. त्यासाठी रिकामा कप्पा पुन्हा मदतीला येतो. या चौकटीतला रिकामा कप्पा आणि पुढच्या चौकटीतला रिकामा कप्पा शोधा. या दोघांच्या दरम्यानचे कप्पे, दोन्ही टोकं धरून, फक्त आत्ताचा रिकामा वगळून, त्यांतले मणी हलणार. ०७ वरून ०८ वर जाताना खालचा रिकामा कप्पा ३ वरून ४ वर जातो, म्हणून चौथ्या कप्प्यातला मणी हलणार. ०८ वरून ०३ वर वरचा रिकामा कप्पा २ वरून १ वर येतो, म्हणून पहिल्या कप्प्यातला मणी हलणार. दशकाच्या दांडीवर शेवटच्या पायरीत १ वरून २, म्हणून दुसरा. काहीच बदलत नसेल तर यादी आपोआप रिकामी निघते, वेगळी अट घालावी लागत नाही.

हलणाऱ्या मण्यांना तिरप्या रेघांची भरण द्या. करडा रंग पडद्यावर छान दिसतो, पण झेरॉक्समध्ये त्याचा कधी पांढरा होतो, कधी काळा. रेघा टिकतात.

बाण मण्यावर काढू नका, मण्याचा आकार झाकला जातो. बाणाची जागा फटीतच आहे, कारण मणी तिकडेच सरकणार असतो. दांडीपासून ०.४५ एकक उजवीकडे, रिकाम्या कप्प्याच्या मध्यावर, ०.७ लांबीचा बाण पुरतो. दिशाही त्याच दोन आकड्यांवरून ठरते: पुढचा रिकामा कप्पा आत्ताच्यापेक्षा मोठा असेल तर बाण पट्टीकडे, लहान असेल तर पट्टीपासून दूर. हे वर आणि खाली दोन्हीकडे लागू पडतं. बाणाला मात्र 'बदल नसेल तर नको' ही अट घालावी लागते.

बोटं दाखवायची असतील तर बाणाशेजारी एक अक्षर पुरे. जपानी रीतीनं खालचे मणी वर ढकलायला अंगठा आणि बाकी सगळ्याला तर्जनी. हाताचं रेखाचित्र काढायच्या फंदात पडू नका, या आकारात ते ओळखू येत नाही.

पत्रिका आणि उत्तरपत्रिका

ए४ कागदाला चारही बाजूंनी २० मिमी समास सोडला तर १७० मिमी रुंदी हातात येते. एकक ३ मिमी धरून पाच दांड्यांची चौकट ३३.६ मिमी रुंद होते, एका ओळीत चार आरामात बसतात. उंची २६ मिमीच्या आसपास, खाली उत्तराची चौकट, मग मोकळी जागा. पाच ओळी म्हणजे पानावर वीस उदाहरणं. तेरा दांड्यांची चौकट ८१.६ मिमी, त्या एका ओळीत दोन.

आकडे यादृच्छिक हवे असतील तर ते सबंध न मागता एकेक अंक मागा: पहिला १ ते ९, बाकीचे ० ते ९. 'पीजीएफमॅथ-रँडम-इंटिजर' हे काम करतं आणि १६३८३ ची मर्यादा आडवी येत नाही. सुरुवातीला 'पीजीएफमॅथ-सेट-सीड'ला एक ठरावीक आकडा द्या, उदाहरणार्थ पत्रिकेचा क्रमांक. तो दिला नाही तर बीज, म्हणजे यादृच्छिक मालिका जिथून सुरू होते तो आकडा, त्या-त्या वेळेवरून ठरतं आणि उद्या तीच फाइल चालवली की वेगळी पत्रिका निघते. उत्तरपत्रिकेसाठी वेगळी फाइल करू नका. त्याच फाइलमध्ये एक स्विच ठेवा, चालू असताना उत्तराच्या चौकटीत देवनागरी आकडा छापायचा. फक्त उत्तर छापणाऱ्या भागात चुकूनही आणखी एखादा यादृच्छिक अंक मागू नका. एक मागणी जास्त झाली की पुढची सगळी मालिका सरकते आणि उत्तरं दुसऱ्याच पत्रिकेची निघतात.

मोजले जाणारे मणी काळे भरण्याची सोयही स्विचवर ठेवा. ओळख करून देताना ते काळे हवेत. पण 'आकडा वाचा' या सरावात काळा रंग हेच उत्तर सांगून टाकतो, मूल फटीकडे बघतच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पत्रिकेपासून सगळे मणी पांढरे करा.

छापण्यापूर्वी ० ते ९ या दहा खांबांचं एक पान काढा, त्याची झेरॉक्स काढा, आणि त्या झेरॉक्सचीही झेरॉक्स काढा. पत्रिका मुलांपर्यंत त्याच अवस्थेत पोचते. ४ आणि ९ मधला वरचा मणी हातभर अंतरावरून वेगळा कळतोय का, आणि ३ ची फट तिसऱ्या मण्याखाली स्वच्छ दिसतेय का, एवढं बघा. बाह्यरेषा तुटत असतील तर टिक्झची मूळची ०.४ पॉइंटची रेघ ०.६ करा. प्रिंटरच्या खिडकीत 'फिट टू पेज'वरची खूण काढून 'अ‍ॅक्चुअल साइज' निवडा.